फिल्टरवरचा स्क्रू

बोट इग्नासशिवायच उत्तनच्या किनाऱ्याला लागली, तेव्हापासून ती वाळूवर पडून होती. आता त्याचा धाकटा भाऊ पास्कल ती घेऊन धंद्याला जाणार होता, पण इंजिन काही केल्या सुरू होईना.

पडून राहिलं की डिझेलच्या नळीत हवा शिरते, एवढंच. पास्कलने पाना काढला. सगळं इंजिन गंजलेलं, पण फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू नुसत्या बोटानेच फिरला. त्याने हातपंप दाबला. आधी बुडबुडे, मग निव्वळ डिझेल यायला हवं. बुडबुडेच येत राहिले.

वैतागून त्याने पंप सोडला. तरीही बुडबुडे येतच होते. येत, थांबत, पुन्हा येत, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसे.

"वहिनी, टाकीत काय हाय?"

"डिझेल," काठाशी उभी असलेली फ्लेव्हिया म्हणाली.

पास्कलने घाईघाईने स्क्रू आवळला. बुडबुडे थांबले. मग गुडघ्याएवढ्या टाकीच्या पत्र्यावर आतून थाप पडली. दुसरी जोरात. मग भराभर पडायला लागल्या.

फ्लेव्हिया बोटीत चढली.

"इतका वेळ बंद ठेवायचा न्हाय रे," ती म्हणाली आणि सवयीच्या बोटांनी तिने स्क्रू सैल केला.