राडिशाच्या पाठीमागचं कपाट

“सही करा,” राडिशा म्हणाला आणि राजीनाम्याचा कागद त्याने देसांकासमोर सरकवला. “तंत्रज्ञ येतोच आहे. पुरावा निघाल्यावर हाकललं जाण्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं दिसतं.”

देसांकाने पेनाला हात लावला नाही. पेन्शनला चौदा महिने उरले होते.

सर्बियातल्या नीश शहरातल्या त्या कचेरीत सहा माणसं मालट्रकांचे कस्टमचे कागद करत. जानेवारीपासून दुपारचे बारा वाजले की इंटरनेट रांगायला लागे. एक कागद चढवायला अर्धा तास. ट्रक सीमेवर ताटकळत आणि ड्रायव्हर फोनवरून सगळ्यांच्या आयाबहिणींचा उद्धार करत. मालक राडिशाला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दोष कुणाचा, हे मात्र त्याला नेहमीच आधी कळे. देसांका जेवणाच्या सुट्टीत व्हिएन्नातल्या नातवाशी फोनवर, चेहरा बघत, दहा मिनिटं बोलते. झालं! कचेरीचं सगळं इंटरनेट तो चार वर्षांचा नातू खातो, असं राडिशाने ठरवून टाकलं.

तंत्रज्ञ वुकाशिन दुपारी बेलग्रेडहून आला. त्याने आत येताच आधी आपल्यामागे दार नीट लावून घेतलं, मग नमस्कार केला. पुढे केलेली कॉफी त्याने हातानेच परतवली आणि टेबलाखालचा वायरींचा गुंता बघून नाक मुरडलं.

“हे कुणी जोडलं? गुराख्याने?”

राडिशाच्या मेहुण्याने जोडलं होतं.

वायर इमारतीत शिरते तिथे वुकाशिनने आपला लॅपटॉप लावला. वेग उत्तम होता. “बाहेरून येतंय ते झक्कास आहे. घाण तुमच्या आत आहे,” तो म्हणाला. मग लॅपटॉप आतल्या वायरीला लावून एकेक संगणक बंद करून पाहिला. काही फरक पडला नाही. शेवटी त्याने देसांकाला नातवाला फोन लावायला सांगितला. नातवाने लाल ट्रॅक्टर दाखवला, जीभ काढली, आणखी एक ट्रॅक्टर दाखवला. लॅपटॉपवरचा आकडा जागचा हलला नाही.

“काकूंचा नातू निर्दोष आहे,” वुकाशिन म्हणाला.

“नीट बघा. ही बाई दिसते तेवढी साधी नाही.”

“सगळ्या वायरी एकत्र येतात ते कपाट कुठे आहे?”

“माझ्या खोलीत,” राडिशा ऐटीत म्हणाला. “किल्ली माझ्या पट्ट्याला असते. इथे मी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही.”

मे महिन्याचा उकाडा होता, आणि राडिशाच्या खोलीची खिडकी घट्ट बंद होती. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. दार आणि खिडकी एकदम उघडली की मधून वाऱ्याचा जो झोत येतो, त्यानेच आपली मान आखडते, कंबर धरते आणि आपले वडीलही त्यानेच गेले, असं त्याचं म्हणणं होतं. वडील रोज अर्धी बाटली राकिया, म्हणजे तिथली कडक दारू, पीत, ते वेगळं. पण या बाबतीत नीशमध्ये त्याला कुणी हसत नसे. तिथे डॉक्टरसुद्धा आधी दार लावायला सांगतो.

कपाट राडिशाच्या खुर्चीच्या अगदी मागे होतं. वुकाशिनने त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. राडिशाने कुलूप उघडलं. आत, पंख्याच्या जाळीवर, काहीतरी करडं बोळा करून कोंबलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं. लोकरीची बंडी निघाली, दोन लाल पट्ट्यांची.

“अहो, यंत्राला स्वेटर घातलाय तुम्ही! श्वास कोंडतोय त्याचा. दुपारपर्यंत तापतं, मग जळू नये म्हणून मंद होतं. तुमच्यापेक्षा त्याला अक्कल जास्त आहे.”

राडिशाचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग एकदम उजळला.

“ही हिची बंडी आहे! लाल पट्ट्या बघा, हिचंच विणकाम, कुणालाही विचारा. मुद्दाम कोंबली हिने! लिहा, तुमच्या अहवालात लिहा!”

सगळे देसांकाकडे बघायला लागले. तिने बंडी घेतली, मांडीवर ठेवून सुरकुत्या काढल्या.

“विणलेली माझीच आहे, मालक. डिसेंबरात तुमच्या घरी संत निकोलाच्या सणाला आणली होती, तुमच्या कंबरेसाठी. तुम्ही म्हणालात, रोज वापरतो.”

वुकाशिनने राडिशाच्या पट्ट्याची किल्ली पाहिली. मग खुर्ची पाहिली. मग खुर्चीच्या मागे, बरोबर बसणाऱ्याच्या मानेच्या उंचीला येणारा कपाटाचा पंखा पाहिला.

“मानेला वारा लागत होता,” राडिशा पुटपुटला. “माणसाने काय मरायचं?”

एरवी सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण टेबलावर तो कागद पडलेला होता.

वुकाशिनने अहवाल तिथेच लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: कपाटाला हवा हवी. खोलीचं दार आणि खिडकी, दोन्ही दिवसभर उघडी ठेवावीत. मग स्वतःच्या मानेभोवती जॅकेटची कॉलर वर करून तो निघून गेला.

“जाऊ द्या, देसांका,” राडिशा म्हणाला. “गैरसमज झाला. बसा कामाला.”

देसांकाने राजीनाम्याचा कागद फाडला आणि त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग त्या उकाड्यात बंडी अंगात घातली आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. राडिशाच्या खोलीचं दार तिने सताड उघडलं. मग त्याच्या समोरून जाऊन खिडकीही उघडली. टेबलावरचे कागद फडफडले.

“चौदाच महिने, मालक,” ती म्हणाली आणि कामाला बसली.