कवेलूवरची वांदरं

उकंडाने मेहुण्याला तोंडावर ऐतखाऊ म्हटलं, तेव्हापासून चार दिवस त्याची बायको पंचफुला त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आज तर माहेरी मारेगावला जायचं गाठोडं बांधून ती गावात नव्यानेच सुरू झालेल्या एसटीची वाट पाहत ओट्यावर बसली. समोरच्या घराच्या कवेलूवर दोन वानरं कडाकडा भांडली, आणि घडीभरातच एक पाठ करून बसलं, दुसरं त्याच्या उवा वेचू लागलं.

"मान्सापक्षा वांदरं बरे," पंचफुला गाठोड्याला म्हणाली.

उकंडाने मुंडासं सोडलं आणि तिच्यापुढे पाठ करून बसला. "पाह्य वं, मले उवा झाल्या वाट्टे."

एसटी येऊन गेली, तरी पंचफुला त्याच्या चकचकीत टकलावर उवा शोधतच होती.