डेस्कटॉपची भाषा

जानकीपुरमच्या घरी पाहुणे आले, की आदेश आईला भाजीवाल्याशी बोललेलं वाक्य म्हणायला लावायचा. "भैया, भोपळा कोवळा है ना?" यमुनाबाईंची ती हिंदी ऐकून सगळे पोट धरून हसायचे. लखनौत वाढलेला त्यांचा लेक वर म्हणायचा, "आई, फिर से बोलो ना, आंटी ने सुना नहीं!"

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आदेशनं लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम टाकली आणि विसरूनही गेला. यमुनाबाईंनी मात्र रोज दुपारी हे दाब, ते दाब करत खालची पट्टी वर नेली, अक्षरं मोठी केली, आणि एके दिवशी त्यांना भाषा बदलायची जागा सापडली.

रविवारी साताऱ्याहून आदेशला सांगून आलेली मुलगी आणि तिचे आईवडील आले. मुलगी आदेशच्या मनात भरली होती. तिला फोटो दाखवायला तो ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसला आणि गांगरला.

"आई, ये सब मराठी में क्यों है?"

"मग काय झालं? मोठ्यानं वाच, मी सांगते कुठे दाबायचं ते."

"जुलनी... वगला..." आदेशला ळ काही केल्या जमेना. मुलगी ओठ दाबून हसू लागली, तिचे वडील तर खो-खो हसले. आदेशचे कान लाल झाले.

"आई, प्लीज, इंग्लिश कर दो ना!"

इंग्रजी कुठे आहे ते यमुनाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी निवांत चहाचा घोट घेतला.



"अरे, परत एकदा म्हण ना, काकूंनी ऐकलंच नाही!"