गोणीचा कापलेला कोपरा

“बाय, मका भरव त्याला,” म्हणत सासरे रोज संध्याकाळी परसातल्या आमच्या टर्कीला गोणीत घालून माझ्या मांडीवर ठेवायचे. गोणीचा एक कोपरा कापलेला होता. त्यातून मान काढून तो माझ्या तळहातावरचे दाणे टिपायचा.

“पप्पा, नाताळला कापायचाय ना हा? मग एवढे लाड कशाला?” लग्न होऊन वसईला आल्यापासून मी विचारत होते.

“कळेल,” एवढंच ते म्हणायचे.

नाताळच्या आदल्या सकाळी तो बारा किलोचा धटिंगण आपणहून गोणीत शिरला. फडफड नाही, ओरडणं नाही. रोजचा खाऊ तिथेच मिळायचा ना! कोडं सुटलं म्हणून मी खूश झाले.

“केवढी युक्ती, पप्पा! आता तुमचं काम सोपं.”

“माझं नाही,” म्हणत त्यांनी धार लावलेली सुरी माझ्यापुढे धरली. “दुसऱ्या कुणाच्या हाताला तो भिईल. भेदरलेल्या जिवाला मारू नये. आपल्या घरात भरवणाराच कापतो, बाय.”

गोणीतून मान बाहेर आली आणि माझा तळहात शोधू लागली.

मी डाव्या हातावर मका घेतला.