निळा वाडगा

निळा वाडगा आजही भरूनच आला.

टांझानियातल्या या गावात पाण्याची टाकी बांधायला मी बारा स्वयंसेवक घेऊन आले, त्याला तीन आठवडे झाले होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या मामा रेहेमांनी (इथे 'मामा' म्हणजे आई) या वाडग्यातून उकडलेली रताळी पाठवली. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं? मी शिरा घालून दिला. दुसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा हजर, भरलेला! माझा रवा संपत आला, पण बाई काही थांबेनात.

आज मात्र आत कच्चे शेंगदाणे होते. गावातली शिक्षिका फातुमा ते बघून चरकली.

"अगं, हे पेरणीचं बियाणं! घरात दुसरं काही उरलं नसेल. आमच्यातही भांडं रिकामं परत देत नाहीत."

मी धावतच गेले. दाणे त्यांच्या ओटीत ओतले आणि रिकामा वाडगा हातात ठेवला. त्या तो घेऊन आत गेल्या. मी मान राखला की अपमान केला, दिवसभर कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच दारात उभ्या. हातात तोच वाडगा, रिकामा.

"मीठ संपलंय गं. देतेस थोडं?"