मुलींच्या यादीतली पहिली ओळ

जयवंतनं बेल दाबली आणि लगेच जिना उतरून पळावंसं त्याला वाटलं. तोवर वनमालाबाईंनी दार उघडलं.

"ये, जयवंता. घामाघूम का रे?"

मुलुंडचं हे वधूवर मंडळ बावन्न वर्षांच्या बाई एकट्या चालवायच्या. सत्त्याऐंशी साल. पाटीवर 'संगणकाने जुळवणी' लिहिलं की लोक रांग लावतात, हे त्यांनी ओळखलं होतं. संगणक अंधेरीला, जयवंतच्या कंपनीत. जोड्या मात्र बाईच ठरवायच्या. जयवंतनं युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे संगणकाला हुकूम द्यायच्या प्रोग्राममध्ये, दोन ॲरे करायचे, म्हणजे नंबर घातलेल्या खणांच्या दोन रांगा. एकीत मुलं, एकीत मुली. सारख्या नंबरची नावं जोडून दोन्ही घरी पत्रं छापून धाडायची, बस.

मोबदला म्हणून त्यानं एकच मागितलं होतं: पहिली जोडी त्याची आणि प्रेमाची. प्रेमा घाटकोपरला त्याच्या वरच्याच मजल्यावर राहायची. दोन वर्षांत तिच्याशी बोलायची हिंमत झाली नव्हती. म्हटलं, संगणक बोलेल.

पत्रं पोस्टात पडली आणि मग घोळ दिसला. तेव्हापासून आठ दिवस त्याला धड बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं.

"बाई, वाट लागली! मुलींच्या फाइलीत वर कुठली तरी एक ओळ जास्त राहिली. शेलला काय, तिनं ती ओळही मुलगी म्हणून भरली. सगळ्या मुली एकेक खण खाली सरकल्या. एकतीसच्या एकतीस जोड्या चुकल्या!"

"तरीच!" बाईंनी चहा पुढे केला. "सव्वीस होकार आलेत. मी जोडते तेव्हा चार येतात."

"आणि प्रेमा?"

"शिवदासला हो म्हणाली. बँकेत आहे ना तो. रविवारी साखरपुडा."

जयवंतनं कप खाली ठेवला. "मग माझ्यासमोर कोण आलं? आमच्या घरचं पत्र आईनं उघडलं, मला दाखवलंच नाही."

"तुझी ती जास्तीची ओळ. मंडळाचा मथळा रे तो. संचालिकेचं नाव, पत्ता." बाई आता खाली बघून बोलत होत्या. "वीस वर्षं दुसऱ्यांची जुळवतेय. मला पत्र आलं ते हे पहिलंच."

"अहो बाई, पण ती चूक..."

"तेच म्हटलं मी तुझ्या आईला. कालच येऊन गेली. फ्लॅट माझ्या मालकीचा आहे कळल्यावर वयाचं काही बोलली नाही."