ऐंशी कोटी वर्षांचा फरक

चैतालीने आकडा पुन्हा तपासला, तरी तो बदलेना. खडकातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून वैनगंगेकाठच्या त्या खडकाचं वय तीनशे तीस कोटी वर्षं निघत होतं. तिचे मार्गदर्शक बोरगमवार सर यांनी तरुणपणी जुन्या पद्धतीने ते अडीचशे कोटी ठरवलं होतं, आणि त्याच आकड्यावर त्यांचं नाव झालं होतं.

ज्यांनी तिला हातोडा धरायला शिकवलं, भर उन्हात स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, त्यांना हे सांगायचं कसं? आठवडाभर ती त्यांना टाळत राहिली. शेवटी सरच प्रयोगशाळेत आले आणि स्टूल ओढून शेजारी बसले.

"माझा आकडा चुकला ना गं?"

चैतालीने मान खाली घातली. "ऐंशी कोटी वर्षांचा फरक येतोय, सर. प्रबंधातून हा भाग वगळू का?"

"खबरदार! मला कधीपासून शंका होती. तो खडक मधे केव्हातरी तापला असणार, आणि माझ्या पद्धतीने त्या तापण्याचंच वय सांगितलं. म्हणून तर हा विषय तुला दिला. परक्या कुणी चूक काढली असती तर झोंबलं असतं, बेटा."

त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, पोरीने खडकाचं खरं वय काढलं! तिला जेवायला आणतोय, काहीतरी गोड कर."

"म्हणजे तुम्ही चुकलात?" पलीकडून प्रश्न आला.

"हो ना!" सर इतक्या अभिमानाने म्हणाले, की चैतालीला भरल्या डोळ्यांनी हसू फुटलं.